खाडा, बदली आणि जॉबर : गिरणीतल्या माणसाचं वागणं कोणी कसं वाचलं

कामाच्या ठिकाणी माणूस जसा वागतो तसा का वागतो, आणि त्या वागण्याला वळण लावायला बघणारे लोक नेमकं काय बघत होते, हा आजचा विषय. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात यावर आता एक अख्खा पेपर असतो, ‘ऑर्गनायझेशनल बिहेविअर’ नावाचा. त्याची पाठ्यपुस्तकं इतिहास सांगायला लागली की बहुधा शिकागोजवळच्या एका कारखान्यापासून सुरुवात करतात. आम्ही परळपासून करणार आहोत. शिकागोला जाऊच, पण मागाहून. कारण साधं आहे. त्याच वर्षांत तोच प्रश्न मुंबईत दीड लाख माणसांच्या बाबतीत विचारला जात होता, आणि त्याची कागदपत्रं शाबूत आहेत.

सुरुवात एका शब्दापासून करू : खाडा. गिरणगावात वाढलेल्यांना हा शब्द सांगायला नको. कामगार कामावर आला नाही की हजेरीपटावर त्याचा खाडा पडे. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस सुरू केलं आणि त्याच वर्षापासून ‘लेबर गझेट’ निघू लागलं. त्यात गैरहजेरीचे आकडे महिन्याच्या महिन्याला छापून येत. पगार झाला की खाडे वाढतात, शेतीच्या दिवसांत आणि लग्नसराईत वाढतात, हे साऱ्यांनाच दिसत होतं. आता याचा अर्थ कसा लावायचा? मालकवर्गाचा अर्थ तयार होता. हा माणूस मुळात शेतकरी, रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला. याचं मन गावात, देह गिरणीत. शिस्त याच्या अंगी नाही, पैशाची ओढ नाही, चार रुपये हाती आले की चालला. थोडक्यात, स्वभाव.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एक जुनी खोड आहे, ती क्षणभर चालवून घ्या. मराठीत ‘कारण’ हा एकच शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. साच्यावरचा धागा तुटला, त्याला कारण असतं : सूत कच्चं, हवा कोरडी, ताण जास्त. आणि माणूस कामावर आला नाही, त्यालाही ‘कारण’ असतं. पण धाग्याला विचारता येत नाही आणि माणसाला विचारता येतं. माणसाच्या कारणात हेतू असतो, हिशेब असतो. हा फरक वर्गात समजावून सांगायला आम्हांला दोन तास लागत; गिरणीच्या दारात तो रोज सकाळी उभा असे. गंमत अशी, की आपल्या भाषेत तिसराही एक शब्द आहे : सबब. कामगार हेतू सांगतो आणि वरच्याला सबब ऐकू येते. गिरण्यांचा निम्माअधिक इतिहास या ऐकण्यातल्या फरकाचा आहे.

तर मग हेतूच बघू. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली, ताडदेवला. १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत गिरण्या वाढल्या, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नक्की नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या वाचाव्यात अशा आहेत. रविवारची सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या! म्हणजे महिनाभर राबून झाल्यावर आणखी पंधरा दिवस थांबायची तयारी होती. त्यापलीकडे नको, इतकंच मागणं होतं. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पगाराला उशीर व्हायचा तो मात्र पुढे कितीतरी वर्षं होतच राहिला; त्यासाठी १९३६ चा वेतन कायदा यावा लागला.

आता हे खाड्याशी जोडून बघा. पगार हातात येतो तो महिन्याच्या कामाचा, तोही थकवून. कामगार काम सोडून जाऊ नये म्हणून पैसे अंगावर ठेवायचे, ही त्यामागची युक्ती. मग वाणी उधारीवर, खानावळ उधारीवर, पठाणाचं व्याज चालू. पगार झाला की माणूस काय करील? उधारी फेडील, गावी मनिऑर्डर करील, दोन दिवस अंग टाकील, जमलं तर बोट पकडून कोकणात जाऊन येईल. दहा-दहा तास कापसाच्या उडत्या तंतूंत उभं राहणाऱ्याला रजा म्हणून वेगळी काही मिळतच नव्हती. खाडा हीच त्याची रजा. हजेरीपट लिहिणाऱ्याला तो बेशिस्तीचा आकडा वाटे.

यात अजून एक पेच आहे, आणि तो आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याचं नाव बदली. खाडे पडणार हे गिरणीला ठाऊक होतं, म्हणून रोज सकाळी भोंग्याच्या आधी दारात माणसं उभी असत. जितके खाडे पडतील तितके बदली आत जायचे, बाकीचे परत. त्यांना आत घेणार कोण? जॉबर. हा मुळात कामगारांतलाच, पण खात्याचा मुकादम. भरती तो करी, काम तो वाटून देई, साच्याची किरकोळ दुरुस्ती तो बघे, रजेला हो-नाही तो म्हणे, आणि नोकरी लावून दिल्याबद्दल दस्तुरी घेई. बायका ज्या वायंडिंग-रीलिंगच्या खात्यांत होत्या तिथे नायकीण असे. तिचाही कारभार तसाच. मॅनेजर बहुधा पारशी किंवा इंग्रज. त्याला खात्यातल्या माणसांची नावंसुद्धा ठाऊक नसत. त्याच्या दृष्टीनं ‘कामगारांचं वागणं’ म्हणजे जॉबरनं येऊन सांगितलं ते.

आता जॉबरच्या जागी उभे राहून बघा. बदली माणसं हाताशी ठेवायची तर त्यांना महिन्यातून काही दिवस तरी काम द्यायला हवं, नाहीतर ती दुसऱ्या गिरणीच्या दारात जाऊन उभी राहतील. आणि एखाद्या महिन्यात खाडे कमीच पडले तर? तर मग कायमच्या माणसाला दोन-चार दिवस घरी बसवायचं. ‘उद्या-परवा येऊ नको रे’, एवढं सांगितलं की झालं. त्याचा खाडा लागतो, बदलीला काम मिळतं. हा खाडा गझेटातल्या आकड्यांत जाऊन बसला की तो इतर खाड्यांसारखाच दिसतो. म्हणजे ज्या आकड्यावरून कामगाराच्या स्वभावाचं निदान चाललं होतं, त्यातला काही भाग गिरणीनंच तयार केलेला होता. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अर्थेतिहासकारानं १९६५ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांवर ग्रंथ लिहिला. मुंबईला कामगारांचा तुटवडा कधी नव्हता, आणि बेशिस्त म्हणून जे दाखवलं जातं त्याचं मूळ मालकांच्या काम चालवण्याच्या पद्धतीत होतं, असा त्याचा साधारण निष्कर्ष. त्याच्याशी पुढे बरेच वाद झाले, पण हा मुद्दा टिकला.

जॉबरला खलनायक करून टाकणं सोपं आहे. रॉयल कमिशन ऑन लेबर, ज्याला व्हिटली कमिशन म्हणतात, ते १९२९ मध्ये नेमलं गेलं. आपले ना. म. जोशी त्यात सभासद होते. १९३१ च्या अहवालात जॉबरच्या लाचखोरीवर कडक टीका आहे. भरती त्याच्या हातून काढा, लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस आहे. पण राजनारायण चंदावरकरांसारख्या इतिहासकारांनी पुढे दाखवलं की हा माणूस दोन्हीकडून बांधलेला होता. ज्या चाळीत, ज्या आळीत तो राही तिथेच त्याचे कामगार राहत. तिथलाच वाणी, तिथलाच आखाडा, तीच खानावळ. फार दाबलं तर माणसं तुटणार, आणि माणसं तुटली की मॅनेजरला त्याचा उपयोग संपला. म्हणून तर कित्येक जुन्या संपांत जॉबरच पुढे दिसतात. माणसांना हाताळण्याचं शास्त्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण कोणाच्या घरी बारसं आहे, कोणाचा भाऊ मुंबईत आलाय, हे त्याला माहीत असे. नंतर लेबर ऑफिसर आले, त्यांच्याकडे रजिस्टरं होती.

त्याच कमिशननं गावाच्या ओढीबद्दलही एक शहाणपणाची गोष्ट म्हटली आहे. गावाशी असलेला संबंध तोडू नका, तो त्याचा आधार आहे. त्याला नियमित रूप द्या, असा तिचा आशय. आजारपण, बेकारी, म्हातारपण, या कशाचीच सोय गिरणी करत नव्हती. ती सगळी कोकणातल्या दोन गुंठ्यांवर आणि तिथल्या बायकांच्या कष्टांवर चालली होती. मनिऑर्डर मुंबईहून जाई हे आपण ऐकतो. पण गाव गिरणीला काय देत होतं, त्याचा हिशेब कोणी लिहून ठेवला नाही.

आता शिकागो. सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. १९२४ पासून तिथे उजेडाचे प्रयोग झाले. उजेड वाढवला तर काम वाढतं का, हे बघायला. वाढलं. मग कमी केला, तरी काही वेळा वाढलेलंच! १९२७ मध्ये पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून रिले जोडायला दिले, विश्रांती, खाणं, तास बदलत नेले. हार्वर्डचे एल्टन मेयो पुढे यात आले. हे मेयो मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आणि आधी क्वीन्सलंड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होते. तेव्हा आमच्या धंद्यातला माणूस कारखान्यात शिरला की काय होतं, तेही पाहायला हवं. त्यांचा निष्कर्ष जगभर गेला : माणूस पैशाच्या आणि उजेडाच्या पलीकडे, आपल्याकडे कोणी लक्ष देतंय, आपला एक गट आहे, यानं बदलतो. याआधी टेलर होता, घड्याळ लावून ओझी उचलायला लावणारा, १९११ च्या त्याच्या पुस्तकाचा. त्याच्यापुढे मेयो म्हणजे फारच माणुसकीचे वाटले.

पण त्या खोलीची एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत उरकतात. पाचांपैकी दोन मुली १९२८ च्या जानेवारीत बदलल्या गेल्या. फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, म्हणून. त्यांच्या जागी आलेल्या कामाला चलाख होत्या. म्हणजे ज्यांचं वागणं प्रयोगात बसेना त्यांना खोलीबाहेर केलं आणि उरलेल्यांच्या वागण्याचा सिद्धान्त झाला. दुसऱ्या एका खोलीत, बँक वायरिंगच्या, १४ पुरुष होते. ते आपसांत ठरवून ठरावीक काम करत; जास्त करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा मारत. निरीक्षकांना ही गटाची भावना वाटली. साल १९३१-३२, मंदीचं, रोज माणसं कामावरून निघताहेत. जास्त काम काढलं तर आपल्यातलाच एक कमी होईल हा त्यांचा हिशेब होता, असं आम्हांला तरी वाटतं. परळच्या कामगाराला तो लगेच कळला असता.

कारण १९२८ मध्ये परळला हेच चाललं होतं. विणकरानं दोन साचे सांभाळायचे ही मुंबईची रीत. काही गिरण्यांनी तीन द्यायला सुरुवात केली. कताईत दुप्पट बाजू. मालकांचं म्हणणं, लँकेशायरचा विणकर चार सांभाळतो, तुम्हांला तीन जड? कामगार म्हणत, लँकेशायरचं सूत द्या, मग बघू. आखूड धाग्याच्या कापसाचं सूत वारंवार तुटतं, तुटलं की साचा थांबतो, कापड बिघडलं की बिघडलेलं थान विणकराच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून कापतात. मालकांना हे ‘नाचता येईना अंगण वाकडं’ वाटलं. अंगण खरंच वाकडं होतं. वर विणकरांच्या दरात साडेसात टक्के कपात. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळपास सहा महिने, दीड लाख माणसं बाहेर राहिली. मग फॉसेट समिती बसली आणि कामाचं ओझं, दर, नियम, सगळं पहिल्यांदा उघड्यावर, समोरासमोर बोललं गेलं. मुलाखती हॉथॉर्नमध्येही झाल्या, वीस हजारांवर. पण तिथे तक्रार ऐकली जाई ती मन मोकळं करायला. इथे तक्रारीवर उलटतपासणी झाली. आम्हांला दुसरा प्रकार जास्त आदराचा वाटतो.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की कामगार तेवढा शहाणा आणि वरचे तेवढे आंधळे. तसं नाही, म्हणून आता साचेखात्यात जाऊ. साच्याच्या धोट्यात नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक भोकातून बाहेर काढावं लागे, आणि ते तोंडानं ओढून काढत. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात शिरू देत नव्हते. साचेखात्यात पगार चांगला. दलित कामगार त्रासनखात्यात, कमी पगारावर. हा नियम गिरणीच्या कोणत्याही स्थायी आदेशात लिहिलेला नव्हता. गटानं ठरवलेला होता, गट तो पाळत होता, आणि मालकांना तो मोडायची गरज वाटत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा संप एकजुटीनं करणाऱ्यांची पंचाईत झाली. मेयोंच्या ग्रंथांत गट ही मोठी गोड गोष्ट आहे. मुंबईत ज्याला गटाबाहेर ठेवलं त्याला विचारल्याशिवाय गटाबद्दल बोलणं पुरं होत नाही. यांत्रिकदृष्ट्या तोंड न लावता धोटा ओवता येतो. जगात तसे धोटे निघाले होते. ते इथे आणायची घाई कोणालाच नव्हती.

म्हणून अहमदाबादचा प्रयोग आम्हांला अधिक सावधपणे बघावासा वाटतो. १९५३ मध्ये अहमदाबाद अजून मुंबई राज्यातच होतं. तिथे वातावरण निराळं. अतिरा ही संशोधन संस्था १९४७ ची, विक्रम साराभाईंनी उभारलेली. तिच्यात मानवी संबंधांचा विभागच होता आणि तो कमला चौधरी सांभाळत. कॅलिको मिलमध्ये गौतम साराभाईंनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या ए. के. राइस यांना बोलावलं. अडचण अशी होती : नवे ऑटोमॅटिक साचे आणले, वेळ मोजून प्रत्येकाला काम वाटून दिलं, आणि महिने लोटले तरी अपेक्षेइतकं कापड निघेना. २२४ साचे, २९ माणसं, बारा प्रकारची कामं. राइस यांनी काय पाहिलं? विणकराकडे एका संख्येचे साचे, कांड्या भरणाऱ्याकडे दुसऱ्या, तुटका ताणा सांधणाऱ्याकडे तिसऱ्या. हिशेबाला अगदी चोख. पण कोण कोणाबरोबर काम करतोय हे कोणालाच सांगता येईना. अडलं तर हाक कोणाला मारायची?

राइस यांनी सुचवलं, साच्यांचा एक भाग, साधारण ६४ साचे, एका छोट्या गटाकडे पूर्ण सोपवा. आतलं काम ते वाटून घेतील. पुढे जे झालं ते त्यांनाही अनपेक्षित होतं. कल्पना कानावर पडताच कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी ती उचलली आणि कोण कोणाबरोबर हे आपसांतच ठरवून गट तयार केले. उत्पादन वाढलं, बिघाड कमी झाला. ज्या माणसांना थोड्याच दिवसांपूर्वी ‘नव्या यंत्राला लायक नाहीत’ म्हटलं गेलं असतं, तीच ही माणसं होती. हा प्रयोग जगात ‘सामाजिक-तांत्रिक’ विचाराचा एक आधारस्तंभ मानतात. आम्ही त्याला एकच प्रश्न विचारू : आपापला गट निवडताना कोण कोणाला नको म्हणाला? अहमदाबादेतही त्रासनखातं दलितांचं आणि साचेखातं इतरांचं, ही रीत होतीच. म्हणजे निवड सुरू व्हायच्या आधी दारात एक निवड होऊन गेलेली.

जाता जाता : आम्ही ज्या महाविद्यालयात होतो तिथे शेवटच्या काही वर्षांत अंगठ्याचं यंत्र बसलं. प्राध्यापक मंडळी वेळेवर येऊ लागली, अंगठा लावून कँटीनमध्ये बसू लागली, आणि आधी सहानंतर ग्रंथालयात दिसणारे दोन-तिघे पाचला घरी जाऊ लागले. अहवालात शिस्त सुधारल्याचं लिहिलं गेलं. हे आठवलं की गझेटातले आकडे आम्ही दोनदा वाचतो.

पुन्हा मुंबईत येऊ. १९३४ च्या कायद्यानं सरकारी लेबर ऑफिसर आला, १९३५ मध्ये गिरणी मालक संघानं बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आणली : महिन्याच्या एक तारखेला कार्ड, रोज सकाळी हजेरी. दस्तुरीला थोडा आळा बसला. पण दारात उभं राहणं तसंच राहिलं, फक्त आता खिशात कार्ड. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हाही मागण्यांत बदली कामगारांना कायम करा, ही होती. वर्षानुवर्षं बदली राहून केस पांढरे झालेली माणसं त्या संपात होती. त्या संपाबद्दल ‘कामगार भावनेच्या भरात गेले’ असं अजून ऐकू येतं. लोखंड्यांच्या निवेदनापासून सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव वर्षं पुढे येऊन पुन्हा स्वभावच!

अहमदाबादच्या गटांचं पुढे काय झालं, हे सांगून थांबतो. १९७० च्या सुमारास टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा जाऊन पाहून आले. काही ठिकाणी गट जवळपास तसेच चालू होते, सतरा वर्षांनंतर. काही ठिकाणी नाव उरलं होतं आणि कामाची वाटणी जुन्या वळणावर गेली होती. बाजाराची मागणी बदलली, वरून दडपण आलं, तशी सूत्रं हळूहळू पर्यवेक्षकांच्या हाती परत गेली. कोणी आदेश काढून गट मोडले नव्हते.

पुढच्या वेळी १९३८ चा औद्योगिक तंटा कायदा आणि त्याविरुद्धचा ७ नोव्हेंबरचा संप घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा; मागच्या रांगेतल्यांनी जरा मोठ्यानं.